माकडाच्या लहान मेंदूचं मॉडेल: कामाच्या नोंदी

३ जानेवारी

विषय एकदाचा ठरला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या प्राणिशास्त्र विभागाने मेंदूवर काहीतरी उभं करायचं आहे, आणि बघायला बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांची पोरं येणार. माणसाचा मेंदू दुसऱ्या गटाने उचलला. आम्ही माकडाचा घेतला, त्यातही फक्त लहान मेंदू, म्हणजे मेंदूच्या मागे खाली असलेला सेरेबेलम.

स्टाफरूममध्ये लगेच विचारणा झाली की माणसाचा सोडून माकडाचा कशाला? कारण साधं आहे. लहान मेंदूतला कुठला धागा कुठून निघतो आणि कुठे पोचतो, याची आपल्याकडची नेमकी माहिती बरीचशी माकडांवरच मिळालेली आहे. जिवंत माणसाच्या मेंदूत रंग सोडून धागे मोजत बसता येत नाही. पुस्तकात आकृती माणसाची छापतात आणि खालची माहिती मात्र माकडाकडून उसनी घेतलेली असते. निदान एकदा तरी मूळ मालकाची आकृती पोरांना दिसू दे.

६ जानेवारी

वाचन. आधी क्रमांकांचा घोळ मिटवला. लहान मेंदूच्या खंडांना जुनी लॅटिन नावं आहेत, लिंग्युला, क्युलमेन, डिक्लाइव्ह, पिरॅमिस, युव्ह्युला, नोड्युलस वगैरे. ती माणसाचा मेंदू वरवर पाहून दिलेली आहेत, दुसऱ्या प्राण्यावर नीट बसत नाहीत. शरीरशास्त्रज्ञ ओलोफ लार्सेल यांनी ती बाजूला ठेवून मधल्या पट्ट्याचे, म्हणजे व्हर्मिसचे, १ ते १० असे खंड मोजले. मांजर आणि माकड यांच्या लहान मेंदूवरचा त्यांचा लेख १९५३ चा. मॅडिगन आणि कार्पेंटर यांनी १९७१ मध्ये रीसस माकडाच्या लहान मेंदूचा जो ॲटलास काढला, तोही याच क्रमांकांवर चालतो. आम्हीही तेच घेणार, देवनागरी आकड्यांत. रोमन आकडे आठवीच्या पोरांना वाचता येतात, पण मग पाटीसमोर उभं राहून आकडाच सोडवत बसतात.

त्याहून कामाचा निघाला तो लुई बोल्क, ॲमस्टरडॅमचा शरीरशास्त्रज्ञ. १९०६ मध्ये त्याने कितीतरी सस्तन प्राण्यांचे लहान मेंदू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुढच्या भागात चुण्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सलग जातात. मागच्या भागात मात्र मधली चुण्यांची साखळी वेगळी आणि दोन्ही बाजूंच्या वेगळ्या. बाजूची साखळी सरळ न जाता बाहेर वळसा घेते, परत आत येते आणि पुन्हा एकदा बाहेर जाते. एवढं कळलं की निम्मं मॉडेल कळलं.

११ जानेवारी

अनगोळच्या मूर्तिकार मामांकडे गेलो. गणपतीचं काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे शेडमध्ये जागा होती आणि मामांनाही सवड होती. ॲटलासमधली चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, मधल्या छेदाचं चित्र जरा लांब धरलं आणि म्हणाले, “मॅडम, हे कोबीचा गड्डा मधोमध कापल्यासारखं दिसालंय की.” खरंच तसं दिसतं. पांढरे देठ, देठांना फाटे, फाट्यांवर पानं दाटीने.

मी बोल्कचं सांगितलं. मामांनी बोलता बोलता सुंभाचे तीन तुकडे कापले आणि पाटावर मांडले. पुढच्या टोकाला तिन्ही एकत्र बांधले, मागे मोकळे सोडले. मधला तुकडा सरळ मागे नेऊन खाली गोल वळवला. बाजूचा घेऊन मी सांगत गेले तसे ते वळवत गेले: हा बाहेर गेला तो क्रस एक, परत आला तो क्रस दोन, आता मधल्या दोरीला चिकटून खाली उतरायचं तो पॅरामीडियन, मग पुन्हा बाहेर पॅराफ्लॉक्युलस, आणि उलट फिरून आत शेवटी फ्लॉक्युलस. दोरी संपली. पाटावर माकडाच्या लहान मेंदूचा आराखडा तयार. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर समजावताना माझा दरवर्षी अख्खा तास जातो.

ठरलं ते असं. साधारण दहापट मोठं मॉडेल, मधोमध उभे दोन भाग, बिजागरीवर उघडणारे. मिटलं की बाहेरचं रूप, उघडलं की मधला छेद. आत तारेचा सांगाडा, त्यावर सुंभ, वर शाडू आणि कागदाचा लगदा मिसळून. नुसत्या शाडूची एवढी पातळ चुणी टिकणार नाही, हे मामांनी न विचारता सांगितलं.

१३ जानेवारी

जांबोटीकडचा एक विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, “मॅडम, रानात माकडाची कवटी पडलेली बघितलीय, आणू काय?” मनात असूनही नाही म्हटलं. एक तर ते रान भीमगड अभयारण्याला लागून आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नसतं. दुसरं कारण मोठं आहे. माकडताप. हा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू गोचिडांतून पसरतो, माकडं आणि वानरं त्याने पटापट मरतात, आणि मेलेल्या जनावरावरून उतरलेल्या गोचिडी माणसाला धरतात. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्गात. आमच्या कणकुंबी-जांबोटीच्या घाटाला दोन्ही लागूनच. तेव्हा रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं, हे वर्गात वेगळं सांगितलं. प्रदर्शनात याचीही एक पाटी लावणार आहे. मेंदूशी संबंध नसला तरी चालेल.

कवटीसाठी इंटरनेटवर खुले असलेले स्कॅन वापरू.

१७ जानेवारी

सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिन. सकाळी पोरं चौकात अभिवादनाला. दुपारनंतर तार वळवणं, तेवढंच.

२० जानेवारी

मधला छेद उभा राहिला. आजचा दिवस चांगला गेला, म्हणून जरा सविस्तर.

मामांनी आधी मेंदूतल्या चौथ्या, द्रवाने भरलेल्या पोकळीचं टोक पक्कं केलं, तंबूच्या शेंड्यासारखं वर चढणारं. लहान मेंदूचं सगळं या टोकाभोवती फिरतं. टोकाच्या पुढच्या अंगाला खंड १ चिकटतो, छोटासा. तिथून वर चढत २, ३, ४, ५, माथ्यावरून मागे ६, मग ७, खाली उतरत ८, ९, आणि सगळ्यात शेवटी १०, तो पुन्हा त्याच टोकाच्या मागच्या अंगाला येऊन टेकतो. म्हणजे १ आणि १० एकमेकांचे शेजारी, मधे फक्त पोकळीचा शेंडा. पट्टी वळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. वरून पाहिलं तर १ दिसत नाही, १० तर नाहीच नाही. म्हणून मी बिजागरीचा हट्ट धरला होता.

खाचांची खोली सारखी नाही, आणि ती चुकली तर सगळं चुकतं. ५ आणि ६ यांच्या मधली प्राथमिक खाच खोल, थेट पांढऱ्या देठापर्यंत. ९ आणि १० यांच्या मधली पोस्टरोलॅटरल खाच वरून पाहिली तर क्षुल्लक वाटते, पण गर्भात सगळ्यात आधी उमटते ती हीच. मामांनी विचारलं, कुठली खाच आधी कोरू? म्हटलं, गर्भात होतं तसंच करूया. आधी ती, मग प्राथमिक, मग बाकीच्या. मूर्तीतही आधी मोठे भाग सुटे करतात आणि बारीक काम शेवटी, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं.

२४ जानेवारी

माकडाचं माकडपण दाखवणारी जागा आज झाली.

माकडाच्या पॅराफ्लॉक्युलसचा बाहेरचा तुकडा एका बोंडासारखा पुढे येतो आणि कानाजवळच्या दगडासारख्या टणक हाडातल्या खळग्यात जाऊन बसतो. त्याला पेट्रोसल खंड म्हणतात. गंमत त्या खळग्याच्या जागेची आहे. कानातल्या ज्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कसं फिरतंय ते टिपतात, त्यांतल्या पुढच्या नळीच्या कमानीखालूनच हा रस्ता आत जातो. म्हणजे लहान मेंदूचा तुकडा चक्क कानाच्या कमानीत घुसलेला. गोरिला-चिंपांझीसारख्या मोठ्या वानरांत आणि माणसात हा खंड असा राहिलेला नाही. माणसाच्या बाळात त्या जागी एक लहानसा खळगा असतो, पुढे तोही जवळपास बुजतो.

एका विद्यार्थिनीने स्कॅनवरून त्या हाडाचा तुकडा मोठा करून घेतला. मामांनी तांब्याच्या तारेची कमान त्यात बसवली आणि शाडूचं बोंड अलगद तिच्याखालून ढकललं. पहिल्या झटक्यात बसलं. मग बराच वेळ जो येईल तो ते काढून घालून बघत होता.

२९ जानेवारी

धुकं. शाडू वाळता वाळत नाही. बाहेरून कोरडं, आत ओलं, त्यामुळे ४ आणि ५ च्या चुण्यांच्या कडांना तडे. मामा शांत. पातळ लगद्याने तडे भरले, ओलं फडकं टाकलं आणि मॉडेल उन्हात ठेवायला साफ मनाई केली.

२ फेब्रुवारी

तडे थांबले. आज शेडसमोरच्या पत्र्यावर टोपी माकडांची टोळी आली. आमच्या भागात रीसस नाही, हेच. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. एका मादीने शेजारच्यांनी वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा पळवल्या होत्या. ती एका हाताने शेंग ओठांशी नेई, दाताने टरफल फोडी आणि बोटांनी दाणा काढी. हे चालू असताना नजर मात्र खाली काठी घेऊन उभ्या असलेल्या आजींवर खिळलेली. आजी डावीकडे सरकल्या की मान वळे, दाणा काही चुकत नसे.

पोरांना तिथल्या तिथे दाखवून घेतलं. सरकत्या वस्तूवर डोळे टिकवून ठेवायला फ्लॉक्युलस आणि त्याच्या शेजारचा पॅराफ्लॉक्युलस. डोळ्यांची झटकन उडी नेमक्या जागी पडायला व्हर्मिसमधला ६ आणि ७ चा छोटा भाग. हात आणि बोटं नेमकी चालायला खंड ५ आणि ६ चा व्हर्मिसला लागून असलेला पट्टा. सगळी कामं एकाच वेळी, एकाच शेंगेसाठी. आजींना यात काडीचाही रस नव्हता.

५ फेब्रुवारी

आतल्या गाठी. मधल्या छेदात त्या दिसत नाहीत, म्हणून उजव्या भागात बाजूने एक खिडकी कापली. माकडात प्रत्येक बाजूला चार: मधोमधच्या बाजूने फॅस्टिजियल, मग इंटरपोझिटस पुढचा आणि मागचा, आणि सगळ्यात बाहेर डेंटेट. लहान मेंदूच्या सालीतून, म्हणजे बाहेरच्या चुणीदार थरातून, बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक निरोप आधी इथे येतो. डेंटेट ही सुरकुतलेली पिशवी आहे, माणसात सुरकुत्या फार, माकडात त्या मानाने कमी. मामांना सांगितलं, सुरकुत्या बेताने.

त्याच खिडकीत लहान मेंदूला बाकीच्या मेंदूशी जोडणारे तीन देठ रंगवले. मधला सर्वांत जाड, तो पॉन्समधून (मेंदूच्या देठातला फुगीर भाग) माल आत आणतो. वरचा मुख्यतः बाहेर जाणारा. खालचा मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडून आणि मेंदूच्या देठाकडून येणारा.

७ फेब्रुवारी

सालीचे तीन थर दाखवायला वेगळा ठोकळा. याचं सगळं काम विद्यार्थ्यांनी केलं, मी लांबूनच बघितलं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येने १८३७ मध्ये वर्णन केलेली ती पेशी, तिच्या फांद्यांचं झाड त्यांनी तांब्याच्या तारेचं करून हातोडीने ठोकून सपाट केलं. आणि इथेच खरी खुबी आहे. पुर्किन्ये पेशीचं झाड सपाट असतं, चुणीला आडवं उभं राहिलेलं. खालच्या थरातल्या इवल्या कणपेशींचे तंतू वर येऊन दोन्हीकडे फाटतात आणि चुणीच्या लांबीने धावतात, एकामागून एक अशा कितीतरी झाडांतून. एका झाडाला असे लाखाच्या घरात तंतू शिवतात. त्याउलट मेंदूच्या देठातल्या ‘खालचा ऑलिव्ह’ नावाच्या गाठीकडून येणारा वेलासारखा तंतू एका पेशीला एकच. पोरांनी झाडांतून लांब दोरे ओवले. ठोकळा पुढून बघितला तर झाडच झाड, बाजूने बघितला तर नुसत्या रेघा.

चेतापेशींची संख्या पाटीवर द्यायची होती. सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांच्या गटाच्या मोजणीप्रमाणे माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत. रीसस माकडात एकूण सुमारे ६४० कोटी, त्यांतही सत्तर टक्क्यांच्या आसपास लहान मेंदूतच. ‘लहान’ हा शब्द वजनापुरताच खरा.

१० फेब्रुवारी

कागद. प्रदर्शनातली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली वस्तू.

२०२० मध्ये मार्टिन सेरेनो आणि सहकाऱ्यांनी एका माणसाचा लहान मेंदू फार बारीक स्कॅन करून त्याची साल संगणकावर पूर्ण उलगडली. क्षेत्रफळ निघालं सुमारे १,५९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या मेंदूच्या सालीच्या ७८ टक्के. माकडाच्या लहान मेंदूचं निघालं त्याच्या मोठ्या मेंदूच्या सालीच्या जेमतेम एक तृतीयांश. आम्ही हे एफोर कागदावर मोजलं. माकडाचा लहान मेंदू, कागदाचा जेमतेम एक कोपरा. माकडाचा मोठा, त्याच्या तिप्पट. माणसाचा लहान, अडीच कागद. माणसाचा मोठा, सव्वातीन. चारही तुकडे दोरीवर क्लिपने शेजारी शेजारी लावले.

सगळे आपला मोठा मेंदू वाढला म्हणतात. तो वाढलाच, पण लहान त्याच्याहून जास्त पटीने वाढला. दोरीवरचे पहिला आणि तिसरा कागद बघितले की पुढे काही समजवावं लागत नाही. एकाच माणसावरची मोजणी आहे, हेही पाटीवर लिहिलंय.

१४ फेब्रुवारी

पाट्यांचा मजकूर. मराठीत वर, कन्नडमध्ये खाली, पोरांतल्या दोघांनी कन्नड मजकूर बघून दिला. खडेबाजारातल्या छपाईवाल्याला परवा द्यायचं.

‘लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो’ ही ओळ विद्यार्थ्यांनी पुस्तकातून जशीच्या तशी उतरवून आणली होती. काढून टाकली. खोटी नाही, पण एवढीच सांगितली तर दिशाभूल करणारी. तोलाशी थेट बांधलेला भाग म्हणजे खंड १० आणि फ्लॉक्युलस, सबंध अवयवातला इवलासा कोपरा, शिवाय व्हर्मिसचा काही भाग. ओळीचा इतिहास जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूरांसने १८२४ मध्ये कबुतरांचा लहान मेंदू काढला आणि त्यांच्या हालचालींतली सुसूत्रता गेली. इटलीच्या लुचियानीने १८९१ मध्ये कुत्रे आणि माकडं यांच्यावरचं काम छापलं: स्नायू सैल, ताकद कमी, हालचाल थरथरती. जे तुटलं ते हालचालीत दिसलं, म्हणून काम हालचालीचं.

मग २००३ मध्ये केली आणि स्ट्रिक यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सेबस माकडांत रेबीजचा विषाणू वापरला, कारण तो एका पेशीतून तिला निरोप देणाऱ्या पेशीत, असा उलट दिशेने चढत जातो. हात हलवणाऱ्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मोठ्या मेंदूच्या सालीत, सोडला तर तो लहान मेंदूच्या ४ ते ६ मध्ये पोचला. कपाळामागच्या, लक्षात ठेवण्याशी जोडलेल्या ४६ क्रमांकाच्या भागात सोडला तर मुख्यतः क्रस दोनमध्ये. उलट दिशेचा रस्ताही तसाच, त्याच जागांना परत. म्हणजे हालचालीचं आवर्तन वेगळं आणि विचाराचं वेगळं, दोन्ही एकाच चुणीदार कापडात. पाटीवर आता हे आहे. लांब झालीय. होऊ दे.

१९ फेब्रुवारी

रंग. पुढचा भाग पिवळा, मागचा निळा, १० आणि फ्लॉक्युलस लाल, पेट्रोसल बोंड हिरवं. मामांना ते रंग भडक वाटले, गणपतीला ते असे लावत नाहीत म्हणाले. तरीही कडांवर त्यांनी जी गडद रेघ ओढली, त्याने खाचा एकदम खोल दिसायला लागल्या. मूर्तीच्या डोळ्यांच्या रेखणीचाच ब्रश.

२३ फेब्रुवारी

शेवटची पाटी, माझ्या हट्टाने. ज्या रीसस माकडांच्या जिवावर ही माहिती उभी आहे, त्यांतली फार मोठी संख्या भारतातून परदेशी प्रयोगशाळांत गेली. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. आज आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना केंद्राच्या समितीची परवानगी लागते. एका सहकाऱ्याचं मत पडलं की पोरांसमोर हे कशाला. मला ते कारण पटलं नाही.

२८ फेब्रुवारी

गर्दी. कागदांच्या दोरीजवळ पोरं सगळ्यात जास्त थांबली, त्याखालोखाल तांब्याच्या कमानीजवळ. मॉडेल उघड-मीट करून बिजागरी ढिली झाली. बऱ्याच जणांनी शेपटीबद्दल विचारलं. कणकुंबीच्या एका सातवीतल्या मुलीचा प्रश्न लक्षात राहिला: “ते हिरवं बोंड हाडात अडकलंय तर मेंदू बाहेर काढताना ते तुटत नाही काय?” तुटतं. ओढून काढलं तर ते हाडातच राहण्याची भीती असते. म्हणून त्या जागचं हाड आधी बारीक कोरून मोकळं करावं लागतं. तिने मान हलवली आणि बोंड दोन-तीनदा स्वतः काढून बघितलं.

माकडतापाच्या पाटीचा फोटो दोन शाळांच्या शिक्षकांनी काढून नेला.

३ मार्च

मॉडेल विभागाच्या कपाटात. बिजागरीचे स्क्रू मोठे घालायचे. खंड ४ ची एक कड पुन्हा उडालीय.

मामांनी माणसाचंही याच मापात करायचं का विचारलं. म्हटलं, करायचं. मधल्या दोरीत फार फरक नाही, फक्त सगळं मोठं. बाजूच्या दोरीला मात्र क्रस एक आणि दोनच्या वळशात कितीतरी जास्त सुंभ लागेल, मागून पाहिलं तर तोच भाग डोळ्यांत भरला पाहिजे. हिरवं बोंड नाही, तांब्याची कमान नाही. डेंटेटला सुरकुत्या हव्या तेवढ्या. शाडूऐवजी फायबर परवडेल का, रेझिनचा भाव ते विचारून ठेवणार आहेत, आणि गणपतीचं काम सुरू व्हायच्या आत साचा तरी काढून होईल म्हणाले.